दिवा सुरक्षित, पण कुठल्या जागी? एफएलपी दिव्यांची पार्श्वभूमी

स्फोटकांचा कारखाना असो की तेल कंपनीचा डेपो, परवान्याची फाईल कधी ना कधी नागपूरला येतेच. सेमिनरी हिल्सवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आहे. १८९८ साली स्फोटक विभाग म्हणून सुरू झालेलं हे खातं. पेट्रोलच्या वाफा जमू शकतात अशा जागी विजेचं कुठलं उपकरण, कुठला दिवा चालेल, याची मान्यताही तेच देतं. आणि शहराच्या भोवती अशा जागांना तोटा नाही: बाजारगावकडचे स्फोटकांचे कारखाने, खापरीचे तेल डेपो, सावनेर-सिल्लेवाड्याच्या भूमिगत खाणी, बुटीबोरी आणि हिंगण्यातले रंग-रसायनांचे कारखाने.

एवढं असूनही खरेदीच्या वेळी बहुतेक ठिकाणी 'एफएलपी (म्हणजे फ्लेमप्रूफ) फिटिंग द्या' इतकंच सांगितलं जातं. जणू एफएलपी म्हटलं की दिवा कुठेही लावायला मोकळे. या दिव्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास मात्र हेच सांगतो, की एका जागी सुरक्षित ठरलेला दिवा दुसऱ्या जागी घात करू शकतो.

सुरुवात कोळशाच्या खाणीत झाली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये, मिथेन हा पेट घेणारा वायू जास्त असेल तिथे मेणबत्तीऐवजी 'स्टील मिल' नावाचं यंत्र वापरत. एक पोरगा हाताने पोलादी चकती फिरवायचा, तिच्यावर गारगोटी धरायचा आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात शेजारचा कामगार कोळसा फोडायचा. या ठिणग्यांनी वायू पेटत नाही असा समज होता. तो खोटा ठरला, तोही माणसं मेल्यावर.

मे १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यानंतर दिव्याचा शोध जोरात सुरू झाला. क्लॅनी, स्टीफन्सन आणि हम्फ्री डेव्ही असे तिघेही एकाच काळात त्यामागे होते. डेव्हीने १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. वायू जाळीतून आत जातो, आत पेटतोही, पण बाहेर येऊ पाहणाऱ्या ज्योतीची उष्णता धातू शोषून घेतो आणि ती जाळीपाशीच विझते. वर एक फायदा फुकटात मिळाला. हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढते, म्हणजे दिवाच वायू दाखवू लागला. आपल्याकडच्या खाणींत विजेचे कॅपलॅम्प (टोपीवरचे दिवे) आल्यानंतरही सरदार आणि ओव्हरमन हे खाणीतले देखरेख करणारे वायू तपासायला हाच दिवा घेऊन फिरत, ते त्यामुळे.

आता अपघात कमी व्हायला हवे होते. तसं लगेच झालं नाही. आधी धोक्याची म्हणून सोडून दिलेली कामं 'आता दिवा आहे ना' म्हणत पुन्हा सुरू झाली. शिवाय खाणीत वायुवीजन सुधारलं तसा हवेचा वेग वाढला, आणि सेकंदाला सुमारे दोन मीटरच्या झोतात डेव्हीच्या दिव्याची ज्योत जाळीबाहेर ढकलली जाऊ लागली. दिवा होता तोच, बदललं ते भोवतालचं वारं. मग ज्योतीभोवती जाळीऐवजी काच आली, वरच्या जाळीवर पत्र्याचं आवरण आलं.

वीज आली तेव्हा उघडी ज्योत गेली, पण ठिणगी आली. १९१३ मध्ये वेल्समधल्या सेंगेनिथ खाणीत ४३९ कामगार ठार झाले. संशय ज्यांच्यावर गेला त्यात सिग्नलच्या विजेच्या घंटीची ठिणगीही होती. मिथेन पेटायला साधारण ०.२८ मिलिज्यूल इतकी नगण्य ऊर्जा पुरते. या घंट्यांवरच्या प्रयोगांतून एक वेगळाच विचार पुढे आला: सर्किटमध्ये ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडली तरी काही पेटू नये.

दिव्यांना मात्र तेवढ्या ऊर्जेत पुरेसा उजेड देता येईना. त्यांच्यासाठी फ्लेमप्रूफचा मार्ग निघाला, आणि हा मार्ग बऱ्याच जणांना उलटा समजलेला असतो. एफएलपी पेटीत वायू शिरत नाही असं नाही. शिरतो, आत स्फोटही होऊ शकतो. पेटी तो दाब झेलते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडणारे तप्त वायू धातूला घासत थंड होतात. तत्त्व डेव्हीच्या जाळीचंच. म्हणून जुन्या वेलग्लासचं, म्हणजे बरणीसारख्या जाड काचेच्या दिव्याचं, झाकण उघडलं की आत गुळगुळीत घासलेली रुंद कडा दिसते. दिव्याचं सगळं संरक्षण त्या कडेत असतं. तिच्यावर रंगाचा हात फिरवणं, चरा पाडणं, हरवलेल्या बोल्टशिवाय झाकण लावणं, हे प्रकार रंगकाम किंवा शटडाऊननंतर हमखास दिसतात. केबल आत शिरते तिथली ग्लँड सैल ठेवली तरी तेच.

ही फट किती चालते, ते वायूवर ठरतं. ठरावीक चाचणीत मिथेनची ज्योत १.१४ मिलिमीटरपर्यंतच्या फटीत अडते, हायड्रोजनला मात्र ०.२९ मिलिमीटर पुरते. म्हणूनच वायूंचे गट पडले: खाणींसाठी गट एक, पृष्ठभागावरच्या उद्योगांसाठी टू-ए, टू-बी, टू-सी. खाणीतला दिवा बॅटरी चार्जिंगच्या खोलीत, जिथे हायड्रोजन निघतो, का चालत नाही, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. भारतात फ्लेमप्रूफ पेट्यांसाठी आयएस २१४८, दिव्यांसाठी आयएस २२०६ आणि जागांच्या वर्गीकरणासाठी आयएस ५५७२ ही मानकं आली. वायू कायमचा असेल तर झोन शून्य, नेहमीच्या कामात अधूनमधून येणारा असेल तर एक, क्वचित आणि थोडा वेळ असेल तर दोन.

पुढचा आकडा उष्णतेचा. दिव्याच्या पाटीवर तापमानाचा वर्ग लिहिलेला असतो: टी-फोर म्हणजे दिव्याचा पृष्ठभाग १३५ अंशांवर जाणार नाही, टी-सिक्स म्हणजे ८५ अंशांवर नाही. कार्बन डायसल्फाइड शंभर अंशांच्या आसपासच पेटतं, त्यामुळे हा काही कागदी आकडा नाही. मात्र हे वर्ग धरताना भोवतालचं तापमान उणे २० ते ४० अंश मानलेलं असतं. पाटीवर वेगळं लिहिलेलं नसेल तर ४० हीच मर्यादा. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि पंचेचाळीस तर इथल्या मे महिन्यात ठरलेलंच. पत्र्याच्या शेडखाली आढ्याला टांगलेल्या दिव्याभोवती त्याहून जास्त. म्हणजे उन्हाळ्यात दिवा ज्या गृहीतावर तपासला गेला त्याच्या बाहेर काम करत असतो. माझ्या मते विदर्भात दिवा मागवताना वॅट आणि किमतीच्या आधी ५० किंवा ५५ अंशांसाठीचं प्रमाणपत्र मागायला हवं.

धुळीचा हिशोब वेगळा आहे. १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून नागपूर कापसाचं आहे, आणि जिनिंगमधला रुईचा तंतू तापलेल्या दिव्यावर साचत जातो. तिथे फटीपेक्षा धूळ आत न शिरणं आणि पृष्ठभाग थंड राहणं महत्त्वाचं. पाच मिलिमीटर धुळीचा थर ज्या तापमानाला पेटतो, त्याच्या किमान ७५ अंश खाली दिवा राहायला हवा, असा नियम आहे.

मधल्या काळात मर्क्युरी आणि सोडियम दिवे आले. लो-प्रेशर सोडियमचा दिवा अशा जागी मना आहे, कारण तो फुटला आणि आतला सोडियम ओलसर जागी पडला तर तोच आग लावतो.

एलईडी आल्यावर उष्णता कमी झाली आणि लोक निर्धास्त झाले. जुन्या एफएलपी पेटीतला मर्क्युरीचा बल्ब आणि चोक काढून बाजारातला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आणि एलईडी प्लेट बसवायची, हा उद्योग सर्रास चालतो. चाचणी झालेली असते ती पेटी, काच, दिवा आणि ग्लँड या पूर्ण संचाची. आतलं सामान बदललं की ते प्रमाणपत्र त्या दिव्याला लागू राहत नाही, मग पाटीवर मान्यतेचा क्रमांक कोरलेला असला तरी.