प्रभादेवी म्हणजे नक्की कुठली?

माझी आई अजूनही ‘एल्फिन्स्टनला उतर’ म्हणते. २०१८ साली मुंबईतल्या या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं, आईच्या तोंडातलं काही बदललं नाही. आपलं त्यावाचून अडत नाही. कॉम्प्युटरचं मात्र अडतं.

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी २००४ पासून रेखाटत आणलेला जगाचा खुला नकाशा. जागा कुठे आहे, ते त्याला ठाऊक. विकिडेटा हा २०१२ मध्ये सुरू झालेला माहितीचा कोश. त्यात प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक (मुंबईचा क्यू११५६) आणि त्याखाली ती काय आहे, कुठल्या भाषेत तिला काय म्हणतात, अशी सुटी विधानं. नकाशातल्या खुणेवर हा क्रमांक नोंदवला की दोन्ही जोडले गेले. चार खुणा हाताने जोडता येतात, अख्ख्या शहरासाठी प्रोग्रॅम लागतो.

तो आधी अक्षांश-रेखांशांवरून आसपासच्या खुणा गोळा करतो, मग नावं ताडून बघतो. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, गाळावी लागतात ते मोजायचं, ही रीत व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. ‘वांद्रे’चं ‘बांद्रा’ करायला दोनच बदल पुरतात: ‘व’चा ‘ब’ आणि शेवटच्या मात्रेचा काना. पण ‘शीव’ आणि ‘सायन’, ही एकाच जागेची दोन नावं? एक अक्षर सारखं नाही. तिथे विकिडेटात पर्यायी नावं कोणी भरून ठेवली असतील तरच निभावतं.

मला धास्ती वाटते ती नाव तंतोतंत जुळतं तेव्हा. प्रभादेवी हे स्टेशन, प्रभादेवी ही वस्ती आणि जिच्यावरून हे नाव आलं त्या देवीचं देऊळही तिथलंच. नाव तेच, अंतरही थोडकं. म्हणून प्रकारही जुळवावा लागतो: नकाशात खूण रेल्वे स्टेशनची असेल तर कोशातली नोंदही स्टेशनचीच हवी. आणि दादरसारखं पश्चिम आणि मध्य रेल्वेचं जोडस्टेशन नकाशात दोन ठिपके आणि कोशात एकच नोंद असं निघालं, तर प्रोग्रॅमने गप्प बसावं आणि माणसाला विचारावं, हे बरं. ओपनस्ट्रीटमॅपवर तर घाऊक यांत्रिक बदलांआधी तिथल्या मंडळींशी चर्चा करावीच लागते.

क्रमांक विकिडेटाचाच का वापरायचा? कारण नकाशातला क्रमांक भरवशाचा नाही. कोणी स्टेशनचा ठिपका पुसून त्याजागी इमारतीची आकृती काढली की तो बदलला. क्यू-क्रमांकाला त्याचं सोयरसुतक नसतं, आणि नामांतराचंही. पर्यायी नावांत ‘एल्फिन्स्टन रोड’ शाबूत असेल आणि नकाशाचं ॲप ती नावं वाचत असेल, तर आईने जुनं नाव टाइप केलं तरी बोट प्रभादेवीवरच जाईल. पुढे पादचारी पूल ओलांडून परळला जायचं कसं, ते तिला पाठ आहे.