एकाच कादंबरीला पुलित्झरही आणि नॅशनल बुक अवॉर्डही

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’ या कादंबरीला नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि मे २०२५ मध्ये पुलित्झर. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनची गोष्ट ही कादंबरी गुलाम जिमच्या तोंडून सांगते. अमेरिकन कथासाहित्यातले हे दोन्ही मान एकाच पुस्तकाकडे फार क्वचित जातात. नॅशनल बुक अवॉर्ड १९५० साली आजच्या स्वरूपात सुरू झालं. तेव्हापासून ‘जेम्स’आधी असं सात पुस्तकांबाबत घडलं होतं: विल्यम फॉकनरची ‘अ फेबल’ (१९५५), कॅथरिन अ‍ॅन पोर्टर यांच्या संकलित कथा (१९६६), बर्नार्ड मॅलमूडची ‘द फिक्सर’ (१९६७), जॉन अपडाइकची ‘रॅबिट इज रिच’ (१९८२), अ‍ॅलिस वॉकरची ‘द कलर पर्पल’ (१९८३), अ‍ॅनी प्रूंची ‘द शिपिंग न्यूज’ (१९९३ आणि १९९४) आणि कोल्सन व्हाइटहेडची ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ (२०१६ आणि २०१७).

हे इतकं दुर्मीळ का, हे समजायला दोन्ही पारितोषिकांची घडण पाहावी लागते.

पुलित्झर जुनं. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांच्या मृत्युपत्रानुसार कोलंबिया विद्यापीठाने १९१७ पासून ही पारितोषिकं द्यायला सुरुवात केली आणि कादंबरीचं पहिलं पारितोषिक १९१८ साली दिलं गेलं. निवड दोन टप्प्यांत होते. आधी ज्युरी शेकडो पुस्तकं वाचून तीन नावं सुचवते. मग पुलित्झर मंडळ त्यांतून एक निवडतं. या मंडळावर संपादक, पत्रकार आणि प्राध्यापकांचा भरणा असतो. बहुमत झालं नाही तर पारितोषिक दिलंच जात नाही. नॅशनल बुक अवॉर्डमध्ये हा दुसरा टप्पा नाही. प्रत्येक विभागाचे पाच परीक्षक असतात आणि त्यांचा शब्द अखेरचा. सप्टेंबरात दहा पुस्तकांची यादी, ऑक्टोबरात पाच, आणि विजेता परीक्षक समारंभाच्याच दिवशी ठरवतात. विजेत्याला १०,००० डॉलर मिळतात, पुलित्झरचे १५,०००. खरी कमाई अर्थात खपातून होते.

पुलित्झरच्या दुसऱ्या टप्प्यानेच इतिहासात सर्वाधिक घोळ घातला. कादंबरीच्या मूळ अटीत अमेरिकन जीवनातलं निकोप वातावरण आणि उच्च आचारविचार यांचं चित्रण अपेक्षित होतं. १९२१ मध्ये ज्युरीने सिंक्लेअर लुईसच्या ‘मेन स्ट्रीट’ची शिफारस केली. छोट्या गावाच्या कोतेपणावर बोट ठेवणारी ही कादंबरी कोलंबिया विद्यापीठाच्या विश्वस्तांना रुचली नाही आणि पारितोषिक ईडिथ व्हॉर्टन यांच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’ला गेलं. व्हॉर्टन या विभागातल्या पहिल्या महिला विजेत्या ठरल्या. लुईसने पुढची ‘बॅबिट’ त्यांनाच अर्पण केली. १९२६ मध्ये ‘अ‍ॅरोस्मिथ’ला मिळालेलं पुलित्झर मात्र नाकारलं. १९३० चं नोबेल त्याने स्वीकारलं आणि साहित्याचं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन झाला.

पुढे १९४१ मध्ये मंडळाचा कल हेमिंग्वेच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’कडे होता, पण विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्या आक्षेपामुळे त्या वर्षी कादंबरीला पारितोषिकच दिलं गेलं नाही. हेमिंग्वेला पुलित्झर मिळालं ते १९५३ मध्ये, ‘द ओल्ड मॅन अँड द सी’साठी, आणि पुढच्याच वर्षी नोबेल. (पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेली ती हीच कादंबरी.) १९७४ चा निर्णय मला सर्वांत वाईट वाटतो. ज्युरीतल्या तिघांनीही एकमताने थॉमस पिंचनच्या ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ची शिफारस केली होती; मंडळाने ती फेटाळली आणि कोणालाच काही दिलं नाही. त्याच वर्षीचं नॅशनल बुक अवॉर्ड पिंचन आणि आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना विभागून मिळालं. २०१२ मध्ये ज्युरीने सुमारे तीनशे पुस्तकं वाचून तीन नावं पाठवली आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. ‘जेम्स’सुद्धा याच कचाट्यातून निसटली. ज्युरीच्या पहिल्या तीन पुस्तकांवर मंडळाचं जमलं नाही, म्हणून चौथं मागवलं गेलं आणि ते हे होतं, अशी बातमी तेव्हा आली होती.

नॅशनल बुक अवॉर्डचा प्रवासही सरळ नाही. १९३५ च्या पुस्तकांपासून पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने ते सुरू केलं; युद्धकाळात ते बंद पडलं. या जुन्या अवताराचा मान आणि पुलित्झर ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या दोघींनाही मिळाले होते, पण ती विक्रेत्यांची पसंती होती, म्हणून आजच्या यादीत ही नावं मिसळू नयेत. ‘गॉन विथ द विंड’ ज्या वर्षी आली त्याच १९३६ मध्ये फॉकनरची ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ही आली होती. ती रिकाम्या हाताने राहिली. फॉकनरला १९४९ चं नोबेल, १९५१ आणि १९५५ ची नॅशनल बुक अवॉर्ड, १९५५ चं पुलित्झर आणि १९६३ चं मरणोत्तर पुलित्झर मिळालं. ‘द साउंड अँड द फ्युरी’सारख्या ज्या पुस्तकांवर त्याची थोरवी उभी आहे, त्यांतल्या एकालाही यांपैकी पारितोषिक नाही. पारितोषिकांची बेरीज करून लेखक मोजणाऱ्याने हे उदाहरण आधी पाहावं.

पारितोषिकांच्या याद्या करताना चुका होतात त्या बहुधा १९८० ते १९८६ या काळात. या वर्षांत नॅशनल बुक अवॉर्डचं नाव बदलून ‘अमेरिकन बुक अवॉर्ड्स’ केलं होतं, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत हार्डकव्हर आणि पेपरबॅक यांना वेगवेगळी पारितोषिकं होती. जॉन चीव्हरच्या कथासंग्रहाला १९७९ मध्ये पुलित्झर आणि १९८१ मध्ये पेपरबॅक विभागातलं पारितोषिक मिळालं, म्हणून कुणी वरच्या यादीत त्याला धरतात, कुणी नाही. त्यात १९८० पासूनच ‘बिफोर कोलंबस फाउंडेशन’ ही वेगळी संस्था ‘अमेरिकन बुक अवॉर्ड’ याच नावाचा पुरस्कार देते. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ला १९८८ मध्ये मिळालं ते हे दुसरं, नॅशनल बुक अवॉर्ड १९८७ मध्ये लॅरी हाइनमन यांच्या ‘पॅकोज स्टोरी’ला गेलं होतं. जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखकांनी न्यू यॉर्क टाइम्सच्या पुस्तक-पुरवणीत निवेदन छापून मॉरिसन यांना तोवर दोन्हींपैकी एकही मान मिळाला नसल्याकडे लक्ष वेधलं. त्याच वसंतात ‘बिलव्हेड’ला पुलित्झर मिळालं आणि १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेल. त्या निवेदनामुळे पुलित्झर मिळालं असं म्हणणं पुस्तकावर अन्याय आहे. पण तोवरची उपेक्षा खरी होती, आणि ती जाहीरपणे मांडली गेली हे योग्यच झालं.

वर्षांचा घोळ वेगळा. नॅशनल बुक अवॉर्डसाठी आदल्या डिसेंबरपासून त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंतची पुस्तकं चालतात. पुलित्झरला कॅलेंडर वर्ष लागतं आणि निकाल पुढच्या वर्षी लागतो. म्हणून एकाच पुस्तकापुढे दोन वेगळी वर्षं दिसतात. डिसेंबरात आलेल्या पुस्तकाचा क्रमच उलटतो: पुलित्झर आधी, नॅशनल बुक अवॉर्डची पाळी नंतर. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल या समीक्षकांच्या संघटनेचा पुरस्कार प्रकाशनवर्षाने ओळखला जातो, पण जाहीर होतो पुढच्या वर्षी. हा पुरस्कारही मिळालेल्या अपडाइकच्या ‘रॅबिट इज रिच’पुढे म्हणूनच १९८१ आणि १९८२ ही दोन्ही वर्षं येतात. समीक्षकांचा हा पुरस्कार १९७५ च्या पुस्तकांपासून सुरू झाला आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. फॉकनरचं १९४९ चं नोबेल प्रत्यक्षात १९५० मध्ये जाहीर झालं. आणखी एक खबरदारी: पुलित्झरची अंतिम यादी १९८० पासून जाहीर होते. त्याआधीच्या लेखकाच्या परिचयात ‘पुलित्झरसाठी नामांकन’ दिसलं, तर बहुतेकदा प्रकाशकाने पुस्तक पाठवलं होतं एवढाच त्याचा अर्थ.

वेगवेगळ्या पुस्तकांवर अनेक मान मिळवणारे लेखक त्या मानाने पुष्कळ. सॉल बेलो यांना नॅशनल बुक अवॉर्ड तीनदा (१९५४, १९६५, १९७१), आणि १९७६ या एकाच वर्षात पुलित्झर आणि नोबेल दोन्ही. कादंबरीसाठी दोनदा पुलित्झर मात्र चौघांनाच: बूथ टार्किंग्टन, फॉकनर, अपडाइक आणि व्हाइटहेड. रॉबर्ट पेन वॉरन हे कादंबरी आणि कविता या दोन्ही विभागांत पुलित्झर मिळवणारे एकमेव. जेस्मिन वॉर्ड यांना कादंबरीचं नॅशनल बुक अवॉर्ड २०११ आणि २०१७ मध्ये मिळालं. ते दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

बुकर २०१४ पासून अमेरिकनांना खुलं झालं, आणि २०१६ मध्ये पॉल बेटी, २०१७ मध्ये जॉर्ज साँडर्स यांनी ते जिंकलंही. उलट दिशेने, नॅशनल बुक अवॉर्डने २०२४ पासून आणि पुलित्झरने २०२५ च्या फेरीपासून नागरिकत्वाची अट सैल केली. अमेरिकेत दीर्घकाळ घर करून राहिलेले, पण नागरिक नसलेले लेखकही आता या दोन्हींसाठी पात्र आहेत.