ऑलिंपिक क्रीडास्थळे आणि दूरचित्रवाणी

ऑलिंपिक क्रीडास्थळे आणि दूरचित्रवाणी : ऑलिंपिक सामने जेथे होतात ती स्टेडियम, तरणतलाव, सभागृहे व रस्ते यांची बांधणी, दिशा, प्रकाशयोजना व वेळापत्रक आणि त्या सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा दर्जा यांचा परस्परसंबंध. प्रक्षेपणाचा दर्जा म्हटले की सामान्यतः कॅमेऱ्यांची संख्या व चित्राची सुस्पष्टता यांचाच विचार होतो. इतिहास पाहता चित्र चांगले की वाईट याचा निकाल बऱ्याचदा कॅमेरा येण्यापूर्वीच, स्टेडियमच्या आराखड्यात व सामन्याची वेळ ठरवताना लागलेला दिसतो.

बर्लिन व ‘पहिले’ प्रक्षेपण : ऑलिंपिकचे पहिले थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण बर्लिन येथे १ ते १६ ऑगस्ट १९३६ या काळात झाले, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. हे विधान ढोबळमानाने खरे असले, तरी ‘थेट’ या शब्दाबाबत मतभेद आहेत. बर्लिनमध्ये एकच पद्धत वापरात नव्हती. टेलिफुंकेन कंपनीचा कॅमेरा व्लादिमिर झ्वोरिकिन यांच्या आयकॉनोस्कोप (प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या) नळीवर चाले. फेर्नझे कंपनीकडे फायलो फार्न्सवर्थ यांच्या ‘इमेज डिसेक्टर’ नळीचा परवाना होता. तिसरी ‘मध्यंतरी फिल्म’ पद्धत होती. तीत एका मोटारीच्या टपावर बसवलेल्या कॅमेऱ्याने साध्या फिल्मवर चित्रण करीत, ती फिल्म मोटारीतच धुऊन, ओली असतानाच तिचे विद्युत संकेतांत रूपांतर करीत. यात साधारण एक ते दीड मिनिट जाई. शंभर मीटरची शर्यत संपून धावपटूंनी श्वास घेतल्यावर ती पडद्यावर सुरू होत असेल, तर तिला थेट म्हणावे काय, असा हा वाद आहे. काटेकोर अर्थाने पहिल्या दोन इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी दाखवलेले तेवढेच थेट मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि प्रक्षेपणाच्या तासांचे जे आकडे छापले जातात, त्यांत तिन्ही पद्धती पुष्कळदा एकत्र मोजलेल्या असतात आणि त्यामुळे ते एकमेकांशी जुळत नाहीत.

टेलिफुंकेनचा कॅमेरा सुमारे २.२ मी. लांब होता. त्याच्या आकारामुळे त्याला ‘दूरचित्रवाणीची तोफ’ म्हणत. तो चालवणाऱ्यांत वॉल्टर ब्रूख हे तरुण अभियंते होते. पुढे रंगीत दूरचित्रवाणीची ‘पाल’ पद्धत त्यांनीच शोधली. चित्र १८० आडव्या रेषांनी बनलेले होते. घरोघरी संच नसल्याने बर्लिन व आसपासच्या सार्वजनिक दर्शनगृहांत लोक ते पाहत. या दर्शनगृहांची संख्या कोठे २५, तर कोठे २८ दिली जाते आणि प्रेक्षकसंख्या दीड लाख ते एक लाख साठ हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. हे कॅमेरे प्रकाशाला फारसे संवेदनशील नव्हते. उन्हात चित्र ओळखू येई, ढग आले की धूसर होई. वेर्नर मार्च यांनी आखलेले ऑलिंपिक स्टेडियम लाखभर प्रेक्षकांसाठी बांधलेले होते. त्या आराखड्यात दूरचित्रवाणीला जागा नव्हती, तोफ मैदानालगत मिळेल तेथे उभी केली गेली. जेसी ओवेन्स यांच्या शर्यतींची आज सर्वत्र दिसणारी हलती चित्रे या प्रक्षेपणातील नसून त्या वेळी स्वतंत्रपणे चाललेल्या चित्रपटीय चित्रीकरणातील आहेत. या दोहोंची गल्लत फार सर्रास होते.

दारावरचा ताबा व चित्राचा हक्क : लंडन येथे १९४८ मध्ये बीबीसीने वेम्बली स्टेडियम व शेजारचा एम्पायर पूल येथून प्रक्षेपण केले. मोबदल्याची रक्कम कोठे १,००० पौंड, तर कोठे १,००० गिनी (पौंडाहून किंचित अधिक मोलाचे जुने ब्रिटिश चलन) अशी आढळते. लंडनच्या एकाच प्रक्षेपकाच्या टापूत असलेल्या घरांपर्यंत हे चित्र पोचले. कुस्त्या मात्र वेम्बलीत नव्हत्या, त्या अर्ल्स कोर्ट भागातील एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या. तेथे खाशाबा जाधव सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीच्या मेसुहाली या प्रदर्शनगृहात त्यांनी कांस्यपदक जिंकले तेव्हा फिनलंडमध्ये दूरचित्रवाणी सेवाच सुरू झालेली नव्हती. भारतातही नव्हती, हे वेगळे सांगणे नको.

मेलबर्न (१९५६) येथे प्रक्षेपण ही बातमी की करमणूक, हा प्रश्न उभा राहिला. वृत्तपट व दूरचित्रवाणी कंपन्यांचे म्हणणे असे, की सामने ही घडामोड आहे आणि बातमीला दाम नसतो. संयोजकांचे म्हणणे असे, की तिकीट काढूनच जे पाहता येते ते फुकट दाखवता येणार नाही. तोडगा न निघाल्याने अनेक परदेशी कंपन्यांनी बहिष्कार टाकला आणि परदेशांत फारच थोडे चित्रण पोचले. त्यानंतर १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आपल्या सनदेत प्रक्षेपण हक्कांविषयीचा नियम घातला. प्रक्षेपण हक्कांचा उगम शेवटी स्टेडियमच्या दारावरील ताब्यात आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्याचा दरवाजा त्याचे चित्र. मॅरेथॉनसारख्या रस्त्यावरच्या शर्यतीला दरवाजा नसतो आणि ती कोणीही फुटपाथवरून पाहू शकतो. तरी तिच्या चित्राचे हक्क विकले जातात, ते याच तत्त्वाच्या विस्ताराने.

पुढील वाढ आकड्यांवरून कळते. रोम (१९६०) ऑलिंपिकच्या अमेरिकेतील हक्कांसाठी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने ३,९४,००० डॉलर मोजले आणि ध्वनिचित्रफिती विमानाने न्यूयॉर्कला नेल्या. एनबीसी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने २०१४ मध्ये २०२१ ते २०३२ या काळातील ऑलिंपिकसाठी केलेला करार ७.६५ अब्ज डॉलरचा होता. टोकिओ (१९६४) येथील उद्‌घाटन सिंकॉम–३ या उपग्रहामार्फत पॅसिफिकपार थेट दिसले. उपग्रहांचा इतिहास अन्यत्र भरपूर मिळतो, म्हणून येथे त्यात शिरलेलो नाही.

प्रकाश, छाया व दिशा : मानवी डोळा ऊन व सावली एकाच वेळी सहज पेलतो, कॅमेरा पेलत नाही. अर्धे मैदान उन्हात व अर्धे छताच्या सावलीत असेल, तर एक बाजू पांढरीफटक तरी होते किंवा दुसरी काळी तरी. चेंडू सावलीत शिरला की दिसेनासा होतो. शिवाय सर्व मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच अंगाला ठेवावे लागतात. कॅमेरा पलीकडे गेला तर डावीकडून उजवीकडे धावणारा खेळाडू पुढच्या दृश्यात उलटा धावताना दिसतो आणि पाहणारा गोंधळतो. म्हणून मुख्य स्टँड, अंतिम रेषा व कॅमेऱ्यांचे ओटे पश्चिमेला ठेवून संध्याकाळचे ऊन पाठीशी घेण्याचा प्रघात पडला. दूरचित्रवाणीचा विचार करून स्थळाची दिशा ठरवल्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून कॉर्तिना दाम्पेझ्झो येथील १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिककडे बोट दाखवले जाते. तेथे क्रॉस-कंट्री स्कीइंगचा स्टँड उगवत्या-मावळत्या सूर्याचा कॅमेऱ्यांना त्रास होऊ नये अशा बेताने दक्षिणाभिमुख केला होता.

या बाबतीत सर्वांत अभ्यासण्याजोगे स्थळ म्युनिकचे (१९७२) आहे. गुंटर बेनिश यांचे वास्तुशिल्प व फ्राय ऑटो यांचे तंबूसदृश छत हे विसाव्या शतकातील स्थापत्याचे मानबिंदू मानले जातात आणि त्यांची चर्चा बहुधा पोलादी दोरांच्या जाळ्याभोवतीच फिरते. छतावरील आच्छादन कशाचे असावे, हा प्रश्न मात्र बऱ्याच अंशी दूरचित्रवाणीने सोडवला. रंगीत कॅमेऱ्यांना गडद सावल्या चालत नव्हत्या, म्हणून अपारदर्शक आच्छादन बाद झाले आणि जाळ्यावर सुमारे ४ मिमी. जाडीचे पारदर्शक ॲक्रिलिकचे तक्ते बसवले गेले. सुमारे ७५,००० चौ. मी. छत पारदर्शक झाले ते प्रेक्षकाला आकाश दिसावे म्हणून, असे प्रवासवर्णनांत लिहिलेले असते. आकाश दिसते हे खरे. पण त्यामागे कॅमेऱ्याची अडचण होती. त्याच म्युनिकमध्ये ५ सप्टेंबरला इझ्राएली खेळाडूंना ओलीस धरले गेले तेव्हा ऑलिंपिक ग्रामातील इमारतीवर चढणारे पोलीस थेट प्रक्षेपणात दिसत होते आणि खोल्यांत दूरचित्रवाणी संच होते, ही बाब पुढील काळात स्थळांच्या सुरक्षाविचारात कायम राहिली.

रात्रीच्या व बंदिस्त सामन्यांत जमिनीवर किती प्रकाश पडतो हे मोजून भागत नाही. खेळाडूच्या चेहऱ्यावर व छातीवर, म्हणजे उभ्या पृष्ठभागावर, कॅमेऱ्याच्या बाजूने किती प्रकाश येतो हे पाहावे लागते. मोठ्या स्पर्धांत ही मात्रा साधारण १,४०० ते २,००० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) धरतात. तुलनेसाठी, कचेरीतील मेजावर ५०० लक्स पुरतात. प्रकाश सर्वत्र सारखा असणे मात्रेइतकेच महत्त्वाचे असते. जुन्या धातु-हॅलाइड दिव्यांचा प्रकाश ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. सेकंदाला ३०० चित्रे घेणाऱ्या संथगती कॅमेऱ्याला मात्र कळते आणि उडी घेतलेला खेळाडू हवेतच लुकलुकू लागतो. शेजारचे दिवे वीजपुरवठ्याच्या तीन वेगवेगळ्या फेजवर टाकून हा दोष कमी करीत. एलईडी दिव्यांनी तो जवळजवळ संपवला.

पार्श्वभूमी म्हणून शहर : रोममध्ये कुस्त्या मॅक्सेंटियसच्या प्राचीन बॅसिलिकात झाल्या आणि मॅरेथॉन कॉन्स्टंटाइनच्या कमानीशी मशालींच्या उजेडात संपली, अनवाणी अबेबे बिकिला यांचे ते दृश्य स्मरणात राहिले त्यात स्थळाचा वाटा मोठा होता. बार्सेलोनात (१९९२) माँट्‌जुईक टेकडीवरील तलावाच्या फळीवरून झेपावणाऱ्या खेळाडूच्या मागे सबंध शहर दिसे. प्रेक्षकांसाठी तेथील व्यवस्था साधीच होती. चित्र अप्रतिम होते. यजमान शहरांनी यावरून धडा घेतला. लंडनने (२०१२) बीच व्हॉलीबॉल हॉर्स गार्ड्‌स परेड या शहरातील संचलन-मैदानावर नेला, पॅरिसने (२०२४) आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी तात्पुरते स्टेडियम उभारले व तलवारबाजी ग्रां पाले या प्रदर्शनभवनात घेतली. सर्फिंग तर सुमारे १५,७०० किमी. दूर ताहितीच्या तेआहुपो येथे झाले. तेथील पंचांच्या अॅल्युमिनियमच्या नव्या मनोऱ्यामुळे प्रवाळांना धोका पोचतो म्हणून स्थानिकांनी विरोध केला होता.

टोकिओचे नवे राष्ट्रीय स्टेडियम (कुमा केंगो यांचा आराखडा, सुमारे ६८,००० आसने) वेगळ्या कारणाने उल्लेखनीय ठरले. पाच रंगांच्या खुर्च्या त्यात विस्कळीत मांडल्या होत्या. कल्पना झाडीतून झिरपणाऱ्या उन्हाची होती. महासाथीमुळे २०२१ मध्ये प्रेक्षकांना बंदी झाली आणि दूरच्या दृश्यांत रिकामे स्टेडियम भरल्यासारखे दिसू लागले. नीरज चोप्रा यांचा ८७.५८ मी.चा भाला अशाच रिकाम्या खुर्च्यांसमोर पडला.

चित्र किती खरे, हा प्रश्न बीजिंगने (२००८) उपस्थित केला. उद्‌घाटनाच्या वेळी शहरभर उमटत स्टेडियमकडे आलेली शोभेच्या दारूची २९ पावले आकाशात प्रत्यक्ष उडाली होती. घरबसल्या लोकांनी त्यातील बराचसा भाग संगणकावर आधीच तयार केलेला पाहिला. रस्त्यावरील शर्यतींचे दुखणे निराळे आहे. मोटारसायकलवरील कॅमेरा, वर हेलिकॉप्टर आणि जागेचा अंदाज देणारी यंत्रे, यांपैकी काहीही निकामी झाले की समालोचक आंधळा होतो. २८ जुलै २०१२ रोजी लंडनच्या सायकल शर्यतीत आघाडीचा गट किती सेकंद पुढे आहे हेच कळेना. प्रेक्षकांच्या मोबाइल संदेशांनी जाळे तुंबले, असा खुलासा करण्यात आला.

यजमान प्रक्षेपण व वेळापत्रक : पूर्वी यजमान देशाची संस्था किंवा हंगामी मंडळ मूळ चित्र पुरवी, त्यामुळे दर्जा दर चार वर्षांनी बदले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये ‘ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस’ ही कायमची संस्था स्थापन केली. तिने पुरवायचे ते कोणत्याही देशाची बाजू न घेणारे समान चित्र. त्यावर आपापले समालोचन व आपापल्या खेळाडूंवरचा जादा कॅमेरा चढवणे हे हक्क घेतलेल्या कंपन्यांचे काम. प्रक्षेपणाच्या दर्जाविषयीच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या थराबद्दलच्या असतात. लेक प्लॅसिड (१९८०) येथील अमेरिका–सोव्हिएट आइस हॉकी सामना अमेरिकनांनी संध्याकाळी उशिरा, आधी चित्रमुद्रित केलेल्या स्वरूपात पाहिला. कॅमेऱ्याचा त्यात दोष नव्हता.

सोल (१९८८) येथे ॲथलेटिक्सच्या अनेक अंतिम फेऱ्या अमेरिकेतील रात्रीच्या प्रेक्षकांसाठी दिवसा घेतल्या गेल्या. १०० मी.ची अंतिम शर्यत भर दुपारी दीडच्या सुमारास झाली. बीजिंग व टोकिओ (२०२१) येथे जलतरणाच्या अंतिम फेऱ्या सकाळी होत्या, त्याही याच कारणाने. जलतरणपटूंची शरीरघडी संध्याकाळच्या शर्यतींना सरावलेली असते, हा आक्षेप नोंदवला गेला व बाजूला ठेवला गेला.

भारत : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे म्युनिक ऑलिंपिक संपल्यावर तीन आठवड्यांनी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने आले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे ४०० मी. अडथळा शर्यतीतील कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. असा फरक डोळ्यांना दिसत नाही; तो छायाचित्र-निर्णयातच (फोटो-फिनिश) उमटतो. नेमबाजीसारखा कॅमेऱ्याला रुक्ष वाटणारा खेळ २०१३ पासून नियम बदलून पडद्याजोगा करण्यात आला. प्राथमिक फेरीचे गुण पुसून अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते आणि एकेक स्पर्धक बाद होत जातो. पॅरिसच्या दक्षिणेस शातोरू येथील केंद्रात कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते या नव्या पद्धतीतच.

लॉस एंजेलिस (२०२८) येथे क्रिकेट पुन्हा समाविष्ट झाले असून पोमोना येथील जत्रेच्या मैदानावर त्यासाठी तात्पुरते स्टेडियम व्हायचे आहे. जाहीर वेळापत्रकात सामन्यांची एक वेळ सकाळी ९ ची आहे. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील.