साक्षीच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात जाताय? आधी रोजनामा काढा

सोमवारी आदेश होतो: समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी शनिवारी अकरा वाजता त्याच्या घरी, कोर्ट कमिशनरपुढे (साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेला माणूस). पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘साहेब, अपील कधी टाकायचं?’

अपील होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ मध्ये अपील चालणाऱ्या आदेशांची यादी आहे; त्यात हा आदेश नाही. रिव्हिजनची (वरच्या कोर्टाकडून आदेश तपासून घेण्याची) वाटही २००२ च्या दुरुस्तीनंतर अशा आदेशांना बंद झाली. राहतो संविधानाचा अनुच्छेद २२७, म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिका. ती दाव्यातला कोणताही पक्षकार करू शकतो. याचिकेच्या मथळ्यात अनुच्छेद २२६ घालू नका. दिवाणी न्यायालयाच्या आदेशाला तो लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राधेश्याम प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आदेश ‘नो क्रॉस’चा, म्हणजे उलटतपासणीची संधी बंद करणारा असेल तर हायकोर्टाची घाई नको. तो रद्द करण्याचा अर्ज आधी त्याच कोर्टात द्या. पुष्कळदा थोडाफार खर्च लावून मंजूर होतो, आणि न दिल्यास वर पहिला प्रश्न तोच येतो.

कागदांत माणसं अडकतात ती रोजनाम्यावर, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीवर. आदेशाची प्रमाणित नक्कल सगळे आणतात. मूळ अर्ज, त्यावरचा ‘से’ (समोरच्याचं लेखी म्हणणं) आणि रोजनामा राहून जातो. एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की आम्हाला संधीच दिली नाही. रोजनामा आला, त्यात ओळीने चार तारखांना ‘वकील गैरहजर’. नक्कल तातडीची मागा, चारही कागद एकाच अर्जात. मग मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. मराठीत झालेल्या साक्षीचं इंग्रजी करून ते बहुतेकदा मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींपुढे ठेवायचं, यात दोन रात्री जातात. त्या धरूनच हिशेब करा. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी हे नेहमीचंच.

‘२२७ ला लिमिटेशन (मुदतीचं बंधन) नाही’ हे अर्धवट ऐकून लोक चार महिने बसतात. तोवर साक्ष उरकलेली असते. मग स्थगिती कशाला द्यायची? याचिका दाखल झाली म्हणजे खालचं काम थांबलं, असंही नाही. तातडीचं सर्क्युलेशन (याचिका लगेच सुनावणीला घेण्याची परवानगी) मागून स्थगितीचा आदेश हातात यावा लागतो. समोरच्याने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज) टाकलंय का तेही बघा.

आणखी एक चूक फार होते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. जुन्या सवयीने मुंबई गाठू नका.

आदेश नुसता चुकीचा असून भागत नाही. अधिकारक्षेत्राची चूक किंवा ढळढळीत अन्याय दाखवावा लागतो. तेवढं नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ प्रमाणे हाच मुद्दा पुढे निकालावरच्या अपिलात घेता येतो, हे वकिलांना जरूर विचारा.

स्थगिती मिळाली तर प्रत त्याच दिवशी खालच्या कोर्टात द्या आणि कमिशनरलाही कळवा. त्याला कुणी सांगितलं नाही तर शनिवारी अकराला तो दारात हजर.