चॅनेलची तक्रार प्रेस कौन्सिलकडे होत नाही

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतो: वृत्तवाहिनी एका पक्षाची बाजू घेते? प्रेस कौन्सिलला लिहा, परवाना रद्द होतो. हे साफ चूक आहे. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलचा अधिकार वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरताच. तिथेही ती ताकीद देते, ठपका ठेवते, बंदी घालत नाही.

वाहिनीची तक्रार केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी वाहिनीकडेच लेखी करायची. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे, म्हणजे वाहिन्यांनीच मिळून स्थापलेल्या संस्थेकडे, अपील. तारीख, वेळ, कार्यक्रम आणि नेमकं खटकलेलं वाक्य लिहा. ‘तुम्ही विकले गेलात’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही, कारण तपासायला त्यात काहीच नसतं.