जांभ्यात मुरलेलं डिझेल

कोकणात तेलगळती म्हटली की नजर समुद्राकडे जाते. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, तेव्हा चर्चा झाली ती किनाऱ्यांची आणि खारफुटीची. पंपाची गंजलेली टाकी, जेटीवरची पिंपं, महामार्गावर उलटलेला टँकर यांतून मुरणारं डिझेल मात्र विहिरीला वास येईपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसतं.

जमिनीखाली तेलाचं काय होतं, हे बरंचसं उलगडलं अमेरिकेत. 20 ऑगस्ट 1979 ला मिनेसोटातल्या बेमिजीजवळ पाइपलाइन फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल सांडलं. साफसफाईनंतरही साधारण 4 लाख लिटर मातीतच राहिलं, आणि 1983 पासून तिथे त्याचा अभ्यास सुरू आहे. जिवाणू तेल फस्त करतात खरे, पण त्यासाठी आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मातीतलं मँगनीज आणि लोह. सरतेशेवटी मिथेन तयार होतो. लोह विरघळलं की त्याला चिकटलेलं आर्सेनिकही सुटतं. बेमिजीत ते लिटरमागे 230 मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा 10 ची.

आपल्या जांभ्याचा तर रंगच लोहाचा. भेगांतून डिझेल झटपट उतरतं. मग पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात खाली जाते, आणि पाण्यावर तरंगणारं डिझेल तिच्याबरोबर वरखाली होत दगडाच्या भोकाभोकांत अडकतं. म्हणून वरचा थर काढून विहीर स्वच्छ होत नाही. हेच लोहयुक्त पाणी तळ्याच्या काठाशी झिरपलं की हवा लागून तांबूस साका बसतो.

पण प्रत्येक तवंग डिझेलचा नसतो. काठीने ढवळून पाहा: लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा तुकडे होऊन फुटतो, तेल पुन्हा एकत्र येतं. बेंझिन या तेलातल्या विषारी घटकाच्या तपासणीसाठी नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊ नये. 40 मिलीची काचेची कुपी काठोकाठ भरावी, बुडबुडा राहू देऊ नये, बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावी. हवा राहिली तर बेंझिन तिच्यात उडून जातं आणि अहवाल फसवा येतो. विरघळलेला ऑक्सिजन विहिरीपाशीच मोजावा. लोह, मँगनीज, आर्सेनिक यांची तपासणी वेगळी मागून घ्यावी, नाहीतर फक्त तेलाचा आकडा हाती पडतो.

ब्लीचिंग पावडरने डिझेल किंवा बेंझिन जात नाही. जोरात उपसा तर मुळीच करू नये. शेजारचं दूषित पाणी विहिरीकडे ओढलं जातं.