प्रोहॉर्मोन कन्व्हर्टेज १ आणि पीसीएसके१ जनुक

प्रोहॉर्मोन कन्व्हर्टेज १ हे मानवी शरीरातील एक विकर (एन्झाइम) असून पीसीएसके१ हे त्याचे जनुक आहे. इन्सुलिनसारखी पेप्टाइड संप्रेरके पेशीत तयार होतात तेव्हा ती लगेच कामाला लागण्याजोगी नसतात. पेशी आधी एक लांब, निष्क्रिय प्रथिन विणते. त्याला पूर्वसंप्रेरक म्हणतात. ते नेमक्या जागी कापले गेले तरच त्यातून खरे संप्रेरक सुटे होते. हा काप घेणाऱ्या विकरांत प्रोहॉर्मोन कन्व्हर्टेज १ अग्रभागी आहे. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, मेंदूतील हायपोथॅलॅमस, पियुषिका ग्रंथी आणि आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या संप्रेरक-पेशी ही त्याची कामाची ठिकाणे. त्यामुळे हे एकच जनुक बिघडले तर भूक, साखर, पचन, वाढ आणि वयात येणे या सगळ्यांवर एकदम परिणाम होतो.

या विकराला पीसी१, पीसी३ आणि पीसी१/३ अशी तीन नावे आहेत, पण विकर एकच. १९९०-९१ च्या सुमारास माँट्रियलमधील नबील सईदा व मिशेल क्रेतियाँ यांच्या गटाने ते पीसी१ म्हणून, तर शिकागोतील डोनाल्ड स्टायनर यांच्या गटाने पीसी३ म्हणून जाहीर केले, आणि पुढे दोन्ही नावे एकत्र लिहिण्याची पद्धत पडली. पीसीएसके९ हे नाव कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे अनेकांच्या कानावर आलेले असते. तेही याच नऊ विकरांच्या कुटुंबातले, पण त्याचे काम अगदी वेगळे आहे. संप्रेरकांशी त्याचा असा संबंध नाही.

शोधाचा माग

ही गोष्ट १९६७ मध्ये सुरू होते. स्टायनर यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या एका मानवी गाठीचे तुकडे किरणोत्सारी ॲमिनो आम्लांत ठेवले आणि त्यातून कोणती प्रथिने तयार होतात ते पाहिले. इन्सुलिनच्या आधी त्याहून मोठे एक प्रथिन दिसले. तेच प्रोइन्सुलिन. तोवर इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनतात आणि मग जोडल्या जातात असा समज होता. तो इथे मोडला. त्याच वर्षी क्रेतियाँ आणि चोह हाओ ली मेंढीच्या पियुषिका ग्रंथीतील लिपोट्रोपिन या प्रथिनावर काम करताना अशाच निष्कर्षाशी पोहोचले : लहान पेप्टाइड मोठ्याच्या पोटात दडलेले असते.

कात्री असणार हे कळले, पण ती सापडायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. धागा मिळाला तो यीस्टमध्ये. पाव फुगवणाऱ्या या एकपेशीय बुरशीत केक्स२ नावाचे विकर असते आणि समागमासाठी लागणारे एक पेप्टाइड ते पूर्वरूपातून कापून काढते. त्याचे जनुक १९८४ मध्ये हाती आले. केक्स२ च्या क्रियाशील भागाशी जुळणारे क्रम सस्तन प्राण्यांच्या ऊतींत शोधताना आधी याच कुटुंबातले पीसी२ हे विकर आणि पाठोपाठ पीसी१/३ मिळाले. यीस्ट आणि माणूस यांच्यात इतके अंतर असूनही कापण्याची रीत तीच राहिली आहे, हे मला या साऱ्या शोधातले सर्वांत विलक्षण वाटते.

रचना व कार्य

जनुक पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर ५क्यू१५ या पट्ट्यात आहे. त्यापासून ७५३ ॲमिनो आम्लांचे प्रथिन बनते. सुरुवातीचा संकेत-भाग गळून पडल्यावर पुढचा तुकडा, म्हणजे प्रो-भाग, विकराला घडी घालायला मदत करतो आणि त्याचबरोबर त्याचे तोंडही बांधून ठेवतो. विकर हा तुकडा स्वतःच कापते, तरीही तो काही काळ चिकटून राहतो. पेशीतील स्रावकणांत आम्लता वाढली आणि कॅल्शियम मिळाले की मग तो सुटतो. कात्री चुकीच्या जागी उघडली तर पेशीचेच नुकसान व्हायचे, म्हणून इतकी खबरदारी. स्रावकणांत पोहोचल्यावर विकराची शेपटीही छाटली जाते : ८७ किलोडाल्टनचे रूप ६६ किलोडाल्टनचे होते. हे आखूड रूप जास्त चपळ, पण कमी टिकाऊ असते. याशिवाय प्रोसास नावाचे एक प्रथिन या विकराला आवर घालते.

काप कुठे घ्यायचा याची खूण ठरलेली आहे. लायसीन आणि आर्जिनिन ही दोन धनभारित ॲमिनो आम्ले शेजारी शेजारी आली, किंवा दोन आर्जिनिन लागून आले, की विकर त्या जोडीच्या पुढे काप घेते.

प्रोइन्सुलिनचे उदाहरण नीट पाहावे. ही ८६ मण्यांची माळ; एक मणी म्हणजे एक ॲमिनो आम्ल. पहिले ३० मणी म्हणजे इन्सुलिनची बी साखळी, मग दोन आर्जिनिन, मग सी-पेप्टाइडचे ३१ मणी, मग लायसीन-आर्जिनिनची जोडी आणि शेवटी २१ मण्यांची ए साखळी. पीसी१/३ दोन आर्जिनिननंतर काप घेते. टोकाला उरलेले ते दोन मणी कार्बॉक्सिपेप्टिडेज ई हे दुसरे विकर उचलून नेते. दुसऱ्या सांध्यावर पीसी२ कापते, असे उंदरांवरील प्रयोगांतून रूढ झाले होते. मानवी बीटा पेशींत मात्र तिथलाही मुख्य भार पीसी१/३ च उचलते असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते. दोन्ही काप झाले की ५१ ॲमिनो आम्लांचे इन्सुलिन उरते. ए आणि बी साखळ्या गंधकाच्या बंधांनी आधीच एकमेकींना धरून असल्यामुळे मधला तुकडा निघाला तरी त्या विखरत नाहीत.

तो मधला तुकडाही वाया जात नाही. जितके इन्सुलिन रक्तात जाते तितक्याच संख्येने सी-पेप्टाइडही जाते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती काम करते आहे, हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइडची तपासणी लिहून देतात. पॅथॉलॉजीच्या अहवालातील तो आकडा म्हणजे या विकराने किती काप घेतले याचाच एक हिशेब.

कोणत्या पेशीत कोणती कात्री आहे यावर एकाच पूर्वसंप्रेरकाचे नशीब ठरते. प्रोग्लुकागॉन हे प्रथिन स्वादुपिंडाच्या अल्फा पेशींत पीसी२ च्या हाती लागते आणि त्यातून रक्तातली साखर वाढवणारे ग्लुकागॉन निघते. तेच प्रथिन आतड्यातील एल पेशींत पीसी१/३ च्या हाती लागले की जीएलपी-१ निघते, जे जेवणानंतर इन्सुलिनला साथ देते आणि पोट भरल्याचा निरोप पोहोचवते. ताग्याचे कापड तेच, पण एका दुकानात त्याचा सदरा होतो आणि दुसऱ्यात परकर. प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिन या पूर्वसंप्रेरकाचेही तसेच. पियुषिकेच्या अग्रभागात पीसी१/३ त्यातून एसीटीएच काढते, जे अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावते. हायपोथॅलॅमसमध्ये पुढे पीसी२ आणि इतर विकरे त्यातूनच अल्फा-एमएसएच काढतात, जे मेंदूला ‘आता पुरे’ असे सांगते.

जनुकातील दोष

१९९५ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्या गटाने एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणापासून तीव्र लठ्ठपणा, मासिक पाळी नाही, कॉर्टिसॉल कमी आणि जेवणानंतर काही तासांनी साखर खाली जाणे. तिच्या रक्तात इन्सुलिन जवळपास नव्हतेच. प्रोइन्सुलिन मात्र भरपूर होते. प्रोइन्सुलिनचा परिणाम क्षीण असला तरी ते रक्तातून लवकर जात नाही, म्हणून जेवण पचून गेल्यावरही त्याचे काम चालू राहते आणि साखर घसरते. १९९७ मध्ये याच गटाने तिच्या पीसीएसके१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत वेगवेगळे दोष दाखवले. माणसात एका विकराच्या अभावाने लठ्ठपणा येतो याचा हा आरंभीचा ठोस पुरावा होता.

पुढे जी बाळे सापडली त्यांनी चित्र बदलले. त्यांचा आजार लठ्ठपणाने सुरूच होत नव्हता. जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत पाण्यासारखे जुलाब लागायचे, दूध अंगी लागायचे नाही, वजन वाढायचे नाही, शिरेतून पोषण द्यावे लागायचे. २०१३ मध्ये अशा १३ मुलांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली, त्यातही हेच दिसले. जुलाब वयाबरोबर कमी होतात आणि मग भूक अनावर होऊन वजन चढू लागते. हे वळण आईवडिलांना फार गोंधळात टाकते. काल जे मूल काही पचवू शकत नव्हते त्याला आज हावरट म्हटले जाते. ते हावरट नसते. पोट भरल्याचा निरोप पोहोचवणारी पेप्टाइडेच त्याच्या शरीरात पुरती घडत नाहीत.

यासोबत हळूहळू इतर कमतरता उघड होतात : अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक कमी, तहान व लघवी अतोनात, वयात येणे रखडलेले. तान्ह्या बाळाच्या न थांबणाऱ्या जुलाबांसोबत प्रोइन्सुलिन वाढलेले दिसले तर या जनुकाची तपासणी करण्यास सबळ कारण असते.

आजार अप्रभावी पद्धतीने येतो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच होतो; एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती वाहक असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नांत दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, म्हणून असे निदान झालेल्या कुटुंबात जनुकीय सल्ला घेण्याला विशेष अर्थ आहे.

एकच प्रत सदोष असणाऱ्यांतही लठ्ठपणाचा धोका काहीसा वाढतो. शिवाय लोकसंख्येत सर्रास आढळणारे काही सौम्य बदल आहेत. त्यांतील एन२२१डी हा बदल विकराची क्षमता थोडीशीच कमी करतो. २००८ मधील एका मोठ्या अभ्यासाने या बदलांचा लठ्ठपणाशी संबंध दाखवला. एकेका व्यक्तीसाठी हा परिणाम लहान असतो आणि त्यावरून कुणाचे वजन भाकीत करता येत नाही.

उंदीर इथे माणसासारखे वागत नाहीत. ज्या उंदरांतून हे जनुक पूर्ण काढले ते लठ्ठ न होता खुजे राहिले, कारण वाढीच्या संप्रेरकाला चालना देणारे पेप्टाइड त्यांच्यात घडेना.

उपचार

अल्फा-एमएसएच ज्या ग्राहीवर, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या पेशीवरील प्रथिनावर, काम करते, त्या एमसी४ ग्राहीला थेट जागे करणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झाले. पूर्वसंप्रेरक कापले जात नसले तरी निरोप पोहोचवायचा, अशी त्यामागची युक्ती. प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिन किंवा पीसीएसके१ यांचा दोष असलेल्या १० रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने ८ जणांचे वजन किमान १० टक्के घटले, आणि भूकही उतरली. त्वचा काळवंडणे हा त्याचा नेहमी दिसणारा दुष्परिणाम, कारण अल्फा-एमएसएचच्या त्वचेतील ग्राहीलाही ते थोडे जागे करते.

औषध भुकेपुरते आहे. तान्हेपणीच्या जुलाबांना शिरेतून पोषण आणि जपून वाढवलेला आहार लागतो. थायरॉक्सिन, हायड्रोकॉर्टिसोन, डेस्मोप्रेसिन, वाढीचे संप्रेरक यांतील जे कमी असेल ते वेगवेगळे द्यावे लागते. या कमतरता एकाच वेळी दिसत नाहीत. त्यामुळे पहिल्या तपासणीत कॉर्टिसॉल ठीक आले तरी मूल मोठे होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा तपासत राहावे लागते.